सतरा नव्हे, सोळा

मंडळाची मुलं माझ्याकडे लेख मागायला आली, तेव्हा विषयही ठरवूनच आली होती. व्यायामशाळेची नवी इमारत पुरी होत आली आहे, उद्घाटनाला स्मरणिका काढायची आहे आणि भोर-वेल्हे या दोन्ही तालुक्यांत सगळ्यात जास्त हंगाम कबड्डी खेळलेला माणूस म्हणून पहिला लेख माझा हवा. विषय, 'माझे सतरा हंगाम'. लेख मी देतो आहे. पण तो माझ्यावर नाही, आणि सतरा हा आकडाही खरा नाही. मी सोळा हंगाम खेळलो. ज्या माणसानं हे पहिल्यापासून बरोबर लिहून ठेवलं होतं, त्याच्याबद्दल मी लिहिणार आहे. वय झालं आहे, आता टाळून चालणार नाही.

ते एसटीत कंडक्टर होते. राहायला भोरात, आणि ड्युटी बहुतेक वेल्ह्याच्या गाडीवर. अंगानं इतके बारीक की खाकी कोट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. दमा होता. आयुष्यात एकदाही त्यांनी चढाई केली नाही. 'कबड्डी' हा शब्द तीनदा म्हटला की चौथ्यांदा खोकला यायचा. आणि या माणसाला दोन तालुक्यांतला प्रत्येक खेळाडू पाठ होता.

त्यांच्या चामडी पिशवीत तिकिटांच्या पेटीखाली एक लांब वही असायची. लाल कापडी पुठ्ठ्याची, वरून खताच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं, कारण वेल्ह्याकडचा पाऊस कुणाच्या वहीची गय करत नाही. डाव्या बाजूला खेळाडूंची नावं, वर वर्षं, मध्ये चौकटी. खेळाडू त्या हंगामात मैदानात उतरला की त्याच्या चौकटीत एक उभी रेघ. बस. किती गुण मिळवले, किती पकडी केल्या, कुठला चषक आणला, यातलं काहीही त्या वहीत नव्हतं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, गुण का लिहीत नाही म्हणून. चिमट्यानं तिकिटाला भोक पाडत ते म्हणाले, "गुण काय, मिळतात. समोरचा दमला तरी मिळतात. माणूस किती वर्षं उभा राहिला ते महत्त्वाचं."

सगळ्याच गोष्टी ते या मापानं मोजायचे. "माझी छत्री चौदावं वर्ष खेळतेय," असं सांगायचे. गाडीचा हॉर्न बसला की ड्रायव्हरला म्हणायचे, "निवृत्त झाला, जाऊ द्या." त्यांच्या सासूबाई वारल्या तेव्हा मी भेटायला गेलो होतो. दारातच मला म्हणाले, "ब्याऐंशी खेळल्या. शेवटपर्यंत कुणाचा हात लागू दिला नाही." आत त्यांच्या पत्नी रडत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा अभिमान होता.

हंगाम जवळ आला की गाडीत तिकीट मिळण्याआधी आम्हांला प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे : "यंदा आहात ना?" हो किंवा नाही, स्पष्ट सांगायचं. बघू, ठरलं नाही, असलं चालायचं नाही. तिकीट हातात धरून उभे राहायचे. एकदा पानशेतच्या बाजूचा एक चांगला गडी नव्या बायकोला घेऊन गाडीत चढला होता. प्रश्न त्याला विचारला आणि उत्तर तिनं दिलं. "न्हाई खेळत आता. लगीन झालंय त्यांचं."

"बाई, लग्न माझंही झालंय," हे म्हणाले. "मी नोकरी सोडली नाही."

सगळी गाडी हसली, ती बाईसुद्धा. तो गडी पुढं नऊ हंगाम खेळला.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी त्यांनी पुष्कळांचे शिव्याशाप घेतले. रेघ मारायची तर खेळ त्यांनी स्वतः पाहिलेला हवा. पाहता आला नाही, तर दोन साक्षीदार हवेत, आणि तेही समोरच्या संघाच्या गावचे. स्वतःच्या गावचा माणूस चालत नसे. ज्याला चढाईत तुम्ही बाद केलंत, त्यानं सांगायचं की हो, हा होता. एका गड्याच्या एका रेघेसाठी ते सुटीच्या दिवशी चार मैल चढ चढून वाडीवर गेले होते आणि हरलेल्या संघातल्या दोघांना नांगर थांबवून विचारून आले होते. तो गडी म्हणत होता, अहो, माझ्या आईला विचारा. यांनी सांगितलं, आई सगळ्याच वर्षी होता म्हणेल.

मोठेपणाची त्यांची कल्पना अशी होती की ऐकणाऱ्याला राग यावा. भोरकडचा एक चढाईपटू आमच्या काळात गाजला होता. एका चढाईत चार-चार गडी घेऊन यायचा. त्याला बघायला लोक दुसऱ्या तालुक्यातून टेम्पो करून यायचे. चार हंगामांत त्याचा गुडघा गेला. त्याच्या नावापुढं वहीत चार रेघा, आणि सोबत एकच शब्द : 'सुंदर'. वहीभर दुसऱ्या कुणाला असा शब्द मिळालेला नाही. पण रेघा चारच्या पाच झाल्या नाहीत.

वर्षानुवर्षांच्या रेघा बघून त्यांनी एक गोष्ट शोधून काढली होती. जो समोरच्या अंगणात शिरतो तो लवकर संपतो. पाच, सहा, फार तर आठ हंगाम. जो कोपऱ्यात उभा राहून पाय धरतो तो टिकतो. म्हणून जास्त वर्षं खेळलेल्या चढाईपटूबद्दल त्यांना विशेष आदर. मी चढाईपटू होतो. दहावा हंगाम झाला तेव्हा त्यांनी गाडीत उभं राहून मला हात जोडले होते. मला लाज वाटली आणि आवडलंही.

निवृत्त झाल्यावर ही शोधाशोध थेट अमेरिकेपर्यंत गेली. हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. जावई तिकडं कामाला होता. त्याच्याकडून यांना कळलं की तिथं फुटबॉल नावाचा एक खेळ आहे, पण चेंडू लांबट आणि हातात धरून पळायचा, डोक्याला शिरस्त्राण, आणि अंगावर अंग घालून माणूस पाडायचा. म्हणजे आपल्यासारखाच, असं हे म्हणाले. शिवाय तिथं प्रत्येक गडी किती हंगाम खेळला याची नोंद ठेवतात. झालं. दर रविवारी जावयाला मोबाईलवर व्हिडिओ कॉल, आणि वहीच्या शेवटी एक पान : 'परदेश'. चेंडू घेऊन पळणारे मोठमोठे गडी तीन-चार वर्षांत घरी बसतात, नुसती लाथ मारणारे पांढरे केस होईपर्यंत टिकतात, आणि मागं उभा राहून चेंडू फेकणारा एक जण तर पंचेचाळिशीपर्यंत खेळला, हे कळल्यावर त्यांना रात्रभर आनंद पुरला म्हणे. चढाईपटू लवकर संपतो हे तिकडंही खरं निघालं होतं. सर्वांत जास्त आनंद मात्र वेगळ्याच गोष्टीचा. मुलीला म्हणाले, "तिथंही कुणीतरी बसलंय बघ, वही घेऊन."

आता त्या हंगामाबद्दल.

हंगामातली पहिलीच यात्रा होती, भोरच्या बाजूच्या एका गावाची. मैदान रस्त्याला लागूनच, फक्कीनं आखलेलं. आमच्या संघाच्या नावांचा कागद आठ दिवस आधी गेला होता आणि त्यात माझं नाव होतं. चार दिवस आधी माझा घोटा मोडला, म्हणजे सगळा हंगामच गेला. आमच्याकडे माझ्या तोडीचा दुसरा चढाईपटू एकच, बाळू. पण बाळूवर त्या वर्षापुरती बंदी होती. आदल्या वर्षी दुसऱ्या एका यात्रेत त्यानं पंचाला उचलून फक्कीच्या ढिगात बसवलं होतं. तेव्हा कागदावर फोटोबिटो नसायचा आणि त्या गावात आम्हांला चेहऱ्यानं कुणी ओळखत नव्हतं. बाळू माझ्या नावानं उतरला. आमच्याकडे हे अगदीच जगावेगळं नव्हतं. गावाची अब्रू राहिली की कुणी पुढं विचारत नसे. आम्ही जिंकलो.

आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काही वर्षांनी सगळे विसरले. मीही विसरलो, म्हणजे विसरायचं ठरवलं. कागदावर माझं नाव होतं. मी वेल्ह्याला तहसील कचेरीत कारकून. कागद म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं.

आम्ही दोघांनी खेळ एकाच वर्षी सोडला. पुढं चार वर्षांनी दोन्ही तालुक्यांच्या यात्रा समित्यांनी मिळून ठरवलं की सर्वांत जास्त हंगाम खेळलेल्या गड्याला मानाचा फेटा बांधायचा आणि व्यायामशाळेच्या फळ्यावर त्याचं नाव पहिलं लिहायचं. समितीचा अध्यक्ष मीच होतो. ते एक वर्ष धरलं तर मी सतरा आणि बाळू सोळा. सोडलं तर उलट. मी धरलं. बाळूला विचारलंही नाही.

समारंभ सकाळी होता. प्रमुख पाहुणे एसटीचे एक अधिकारी, कारण समारंभासाठी जादा गाड्या त्यांनी सोडल्या होत्या. माझ्या डोक्यावर फेटा बांधून झाला आणि तेवढ्यात कंडक्टरसाहेब मंचापाशी आले. खाकी गणवेश, काखेत वही. खोकला आवरला, आणि सरळ म्हणाले, "एक दुरुस्ती आहे. यांचे सोळा. सतरा बाळूचे."

खाली कुजबुज झाली. मी हसून विचारलं, कशावरून. त्यांनी वर्ष सांगितलं आणि गाव सांगितलं.

"कागदावर माझं नाव आहे," मी म्हणालो.

"कागदावर आहे. मैदानावर बाळू होता. चढाई कागद करत नाही."

लोक हसले. ते हसू मला फेट्यावरून खाली उतरल्यासारखं लागलं. आणि मग मी जे केलं ते करताना माझ्या मनात काडीचीही गडबड नव्हती, हे इथं कबूल केलं पाहिजे. मी शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं."

"त्या दिवशी संध्याकाळची गाडी तुमची होती. तुम्ही सामना पाहत होता, तर गाडी कुठं होती?"

गाडी कुठं होती ते मला माहीत होतं. मैदानाच्या कडेला उभी होती. उत्तरार्ध संपेपर्यंत, भरलेल्या माणसांसकट. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं आणि उतारू खिडक्यांतून ओरडत होते. एकानंही तक्रार केली नव्हती. पण आता मंचावर एसटीचे अधिकारी बसले होते, आणि तिसऱ्या रांगेत तोच ड्रायव्हर बसला होता. त्याच्या पेन्शनीला काही महिने उरले होते.

कंडक्टरसाहेबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वही उघडायला घेतलेली होती, ती त्यांनी मिटली. म्हणाले, "मग मी पाहिलं नसेल."

आता मात्र लोक खूप हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "मास्तर, तिकिटं फाडा तुमी." ते खाली उतरले आणि चालत गेले. माझा सत्कार पुढं व्यवस्थित पार पडला.

मला ठाऊक असलेल्या त्यांच्या सगळ्या आयुष्यात तो माणूस हे एकदाच खोटं बोलला. ते मी बोलायला लावलं.

त्यानंतर पाच वर्षं मी त्यांच्याच गाडीनं कचेरीत जात होतो. ते माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, तिकीट फाडायचे, भोक पाडायचे, पुढं जायचे. कधी वाकडा शब्द नाही. बाकीच्यांना हंगामाचा प्रश्न चालूच होता. मी खिडकीतून तोरणा बघायचो. माफी मागायला रोज दीड तास मिळत होता, येताना आणखी दीड. मी मागितली नाही. ते निवृत्त झाले, मग मीही झालो. गेल्या वर्षी ते वारले. मी गेलो होतो, पण लोकांच्या मागं उभा राहून परत आलो.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीनं वही मंडळाला दिली. मुलांनी ती उघडली आणि त्यांचे डोळे विस्फारले. पन्नास वर्षांचे खेळाडू, गावोगावचे. ज्यांचं नाव त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाही असे गडी तिथं रेघेरेघेनं उभे. अशी वही आख्ख्या जिल्ह्यात नसेल. आज ती मुलं नवा फळा त्या वहीवरून लिहायला निघाली आहेत, याचा मला जो अभिमान वाटतो तो माझ्या फेट्याचा कधी वाटला नाही.

ती वही घेऊन मुलं माझ्याकडे आली. नव्या फळ्याचं काम, आणि एक शंका. "काका, तुमच्या रेघा सोळाच भरतात. साहेबांची चूक झाली असंल का?"

मी म्हटलं, वही ठेवून जा, उद्या सांगतो. पण वही उघडण्याआधी शिवऱ्याला गेलो.

बाळूच्या मुलाचं तिथं हायवेला मिसळीचं हॉटेल आहे. बाळू दारात खुर्ची टाकून बसतो आणि पुण्याहून येणाऱ्या गाड्यांना हात करतो. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. फळा बदलतोय, तुझे सतरा, माझे सोळा. तो गाड्यांकडेच बघत होता. मी विचारलं, त्या दिवशी तू समोर होतास, बोलला का नाहीस?

"उठलो व्हतो की म्या," तो म्हणाला. "सायब खाली आले ते माज्यापाशी थांबले. हात दाबला माजा. म्हनले, बस. तू बोललास तर गाडीचा इषय निघंल, आन् गाडीत ड्रायव्हर हाय."

"तुला राग नाही आला माझा?"

"आला ना. दोन वर्सं तुज्या आळीनं गेलो न्हाई म्या." त्यानं एका गाडीला हात केला, ती थांबली नाही. "तुला कळलंबी न्हाई."

मला खरंच कळलं नव्हतं. तो पुढं म्हणाला, "सायब मातर येत व्हते. दर साली. हितंच बसायचे, मिसळ बिनतिखटाची. जाताना म्हनायचे, सतरा हायेत तुजे, इसरू नगं."

मी उठलो. निघताना त्यानं विचारलं, "फळ्यावर नाव काय घालनार? बाळू?"

"तू सांग."

"बाळासायब घाला. पेंटरला जागा पुरंल का इचार आदी."

घरी येऊन मी वही उघडली. बाळूच्या ओळीत त्या वर्षीची रेघ होती, इतर सोळांसारखीच, सरळ. माझ्या ओळीत त्याच वर्षाची चौकट मी शोधली. रिकामी असेल अशी माझी समजूत होती. तिच्यात एक लहानसा गोल होता. पानाच्या तळाला तसाच गोल आणि शेजारी बारीक अक्षरं. शाई जुनी, त्याच हंगामाच्या इतर रेघांची :

'घोटा प्लास्टरमध्ये. खेळला नाही. रेषेबाहेर दगडावर बसून होता. शेवटच्या चढाईला मोडक्या पायावर उठून उभा राहिला. ओरडणं आमच्या गाडीपर्यंत.'

मी उभा राहिलो होतो. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे बाळूवर होते. मी उठलो हे घरात कुणाला माहीत नाही, मुलांना नाही, बायकोला नव्हतं. पाय खाली टेकल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली होती, ती आठवते. मंचावर मी त्यांना विचारलं, तुम्ही पाहिलंत का, तेव्हा हा पुरावा त्यांच्या काखेत होता. चार ओळी वाचून दाखवल्या असत्या तर मी तिथल्या तिथं खाली बसलो असतो. पण शेवटच्या ओळीत गाडी होती. म्हणून त्यांनी वही मिटली.

आयुष्यभर कचेरीत मी लोकांच्या नोंदी दुरुस्त केल्या. ही माझी. समितीच्या सत्कारात मी खोटं बोललो आणि एका खऱ्या माणसाला सर्वांसमोर खोटं ठरवलं. तो फेटा मी मंडळाकडे दिला आहे, बाळूला मिळावा. कंडक्टरसाहेबांच्या मुलीकडे मी गेलो आणि जे त्यांना सांगायला हवं होतं ते तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी तिनं चहा टाकला.

पेंटर परवा येणार आहे. पहिलं नाव बाळासाहेबाचं, पुढं सतरा. दुसरं माझं, पुढं सोळा. चढाईपटूचे सोळा, हे थोडे नाहीत, आणि ते सगळे माझे आहेत. मधलं एक वर्ष कुठं गेलं असं कुणी विचारलं, तर सांगा, त्या वर्षी मी खेळलो नाही. त्या वर्षी एक माणूस भरलेली एसटी थांबवून आमचा सामना बघत होता, आणि सगळे बाळूकडे बघत असताना त्यानं माझ्याकडेही पाहिलं.